दादर पूर्व आणि दादर पश्चिम : एका विभागलेल्या वस्तीच्या जोडणीचा इतिहास

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेच्या अखेरीस सभासद-कुटुंबांच्या पत्त्यांची यादी छापण्याचा प्रघात आहे. ही यादी कोणी लक्षपूर्वक चाळली, तर एक गोष्ट त्याच्या सहज ध्यानी येईल. घराचे नाव, रस्त्याचे नाव आणि विभागाचे नाव यांच्यामागून कंसात एक शब्द बहुधा येतोच : 'पूर्व' अथवा 'पश्चिम'. मुलीसाठी स्थळ पाहावयास निघालेला वधुपितादेखील मुंबईत प्रथम हेच विचारतो की, घर ईस्टला की वेस्टला? जणू दादर, अंधेरी, बोरिवली ही एकेक गावे नसून दोन-दोन गावे आहेत आणि त्यांच्यामधून एखादी नदी वाहत आहे. नदी आहेही, ती लोखंडाची आहे, एवढाच काय तो फरक.

या लोखंडी नदीने मुंबईस वैभव दिले, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु नदीकाठच्या गावास जशी उताराची चिंता, तशी रुळांकाठच्या वस्तीस पुलाची चिंता जन्मभर लागून राहते. प्रस्तुत लेखात दादर आणि त्याच्या दक्षिणेस लागून असलेला परळ–प्रभादेवी हा टापू, यांची या दृष्टीने हकिगत सांगण्याचे योजिले आहे. आपल्यापैकी अनेक कुटुंबांचा या टापूशी तीन-तीन पिढ्यांचा ऋणानुबंध आहे, हे त्याचे एक कारण. दुसरे असे की, रेल्वेने एका वस्तीचे दोन भाग कसे झाले, ते सांधण्याचे प्रयत्न कोणी व कसे केले आणि ते अपुरे का पडले, हे येथे जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसेल.

रेल्वेपूर्वीचे दादर

मराठीत 'दादर' म्हणजे जिना. माहीम आणि मुंबई या दोन बेटांमधील ही पायरी, म्हणून तिचे नाव दादर पडले, अशी समजूत प्रचलित आहे. व्युत्पत्तीचा हा वाद पंडितांनी सोडवावा. परंतु ज्या स्थळाचे नावच जिना, त्या स्थळाच्या रहिवाशांना पुढे दीडशे वर्षे जिने चढण्या-उतरण्यातच घालवावी लागली, हा योगायोग मात्र लक्षात घेण्याजोगा आहे.

रेल्वे येण्यापूर्वी हा सारा प्रदेश नारळी-पोफळीच्या वाड्या, भातखाचरे आणि विरळ वस्ती यांचा होता. पश्चिमेस पोर्तुगीज चर्च या नावाने आजही ओळखले जाणारे प्रार्थनामंदिर १५९६ साली स्थापन झाले. पूर्वेस परळ येथे गव्हर्नराचा जुना वाडा होता. पुढे १८९९ साली डॉ. हाफकिन यांची प्लेगवरील प्रयोगशाळा याच वास्तूत आली. सारांश, दोन्ही बाजूंची वस्ती रुळांपेक्षा जुनी होती. पूर्व आणि पश्चिम असा भेद करण्याचे कोणासही कारण नव्हते. समुद्राकडून परळकडे जाणारा मनुष्य शेताच्या बांधावरून सरळ चालत जाई.

दोन कंपन्या, दोन स्थानके

१६ एप्रिल १८५३ रोजी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्यास गेली. ३४ किलोमीटरांचा हा मार्ग दादरच्या शिवारातूनच जात होता. पुढे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया या दुसऱ्या कंपनीने गुजरातेकडून आपला मार्ग आणला. १८६४ साली तो ग्रँट रोडपर्यंत पोहोचला आणि १८६७ साली विरारहून बॅकबेपर्यंत उपनगरी गाडी सुरू झाली. या दोन्ही कंपन्यांचे मार्ग दादर व परळ येथे एकमेकांच्या अगदी शेजारून जातात. दोन मार्ग एकत्र आले. दोन कंपन्या मात्र एकत्र आल्या नाहीत. प्रत्येकीने आपापले स्थानक, आपापली तिकीटखिडकी आणि आपापले फलाट बांधले. परळच्या स्थानकाला लागूनच दुसऱ्या कंपनीचे एल्फिन्स्टन रोड स्थानक झाले. दादरला तर दोन्ही स्थानकांचे नावही एकच राहिले.

यातून एक विलक्षण गोष्ट घडली. एका कंपनीच्या स्थानकाचे तोंड पूर्वेकडे झाले, दुसरीच्या स्थानकाचे पश्चिमेकडे. आणि दोघींच्या पाठी एकमेकींस लागल्या. पाठीमागे काय आहे, याची चौकशी करण्याची कोणासच आवश्यकता वाटली नाही. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी या कंपन्यांच्या जागी अनुक्रमे मध्य रेल्वे व पश्चिम रेल्वे अस्तित्वात आल्या. मालक सरकार झाले तरी कारभार दोन राहिले. दादरच्या दोन्ही स्थानकांत १, २, ३ असेच फलाटांचे क्रमांक असल्यामुळे नवखा प्रवासी 'तीन नंबर' शोधत भलत्याच फलाटावर जाऊन उभा राही. ही अडचण दूर होण्यास डिसेंबर २०२३ उजाडावे लागले. त्या महिन्यात मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ ते १४ असे क्रमांक देण्यात आले आणि पश्चिम रेल्वेचे १ ते ७ कायम राहिले. केवळ पाट्या बदलण्याचे हे काम. परंतु दोन शेजारी स्थानके कागदोपत्री एक रांग होण्यास दीड शतकाहून अधिक काळ लागला, ही गोष्ट बरेच काही सांगून जाते.

इंप्रूव्हमेंट ट्रस्ट आणि टिळक पूल

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाट, कोंदट वस्त्या हे रोगाचे माहेरघर आहे असे ठरून १८९८ साली सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. या ट्रस्टने शहराच्या उत्तरेस मोकळ्या जागी दादर–माटुंगा योजना आखली. रुंद रस्ते, झाडांच्या रांगा, घरांभोवती मोकळे अंगण, मधूनमधून उद्याने असा तिचा थाट होता. हिंदू कॉलनी व पारशी कॉलनी ही तिचीच अपत्ये. आपल्या ज्ञातीतील ज्या वडीलधाऱ्या मंडळींनी त्या काळी गिरगाव सोडून 'लांब' दादरला बिऱ्हाड केले, त्यांना त्यांच्या आप्तेष्टांनी वेड्यात काढले होते, अशा कथा आपण लहानपणी ऐकल्या असतील.

ही आखणी पूर्वेची झाली. पश्चिमेकडील शिवाजी पार्कच्या परिसराची आखणी पुढे १९२० नंतरच्या दशकांत निराळी झाली. मैदानास शिवछत्रपतींचे नाव १९२७ साली मिळाले. दोन्ही आखण्या चांगल्या होत्या. परंतु पूर्वेचा नकाशा रुळांशी येऊन संपे आणि पश्चिमेचाही रुळांशीच येऊन संपे. दोहोंच्या मधली पट्टी कोणाच्याच कागदावर नव्हती. ती रेल्वेची होती, आणि रेल्वेच्या कागदावर शहर नव्हते. स्थानक-परिसराच्या पुढील साऱ्या दुखण्यांचे मूळ येथेच आहे, असे आमचे मत आहे.

ही पट्टी सांधण्याचा पहिला मोठा प्रयत्न म्हणजे १९२५ च्या सुमारास झालेला टिळक पूल. लोक त्याला टिळक ब्रिज म्हणतात. हा एकच पूल दोन्ही रेल्वेमार्ग एका दमात ओलांडतो. पूर्वेस त्याचे पाऊल दादर टी.टी.जवळ, म्हणजे ट्राम जेथे संपत असे तेथे, आणि पश्चिमेस प्लाझा चित्रपटगृहाजवळ. प्रस्तुत लेखकाचे बालपण पूर्वेस गेले व शाळा पश्चिमेस होती. दप्तर पाठीस लावून हा पूल चढावयाचा, मध्यावर कठड्याशी थांबून खालून जाणाऱ्या गाड्या मोजावयाच्या आणि घंटा होण्यापूर्वी धावत उतरावयाचे, हा आम्हा मुलांचा नित्यक्रम होता. ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहून निघालेली अखेरची ट्राम दादरला आली, तेव्हा वडिलांनी आम्हांस ती पाहावयास नेले होते. पूर्वेची ट्राम आणि पश्चिमेचा समुद्र ही दोन्ही आपली आहेत, असे त्या वयात वाटे, ते या पुलामुळेच.

या पुलांची थोरवी सांगणारी आणखी एक आठवण सर्व महाराष्ट्राची आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे निवासस्थान 'राजगृह' हे पूर्वेस हिंदू कॉलनीत, आणि चैत्यभूमी पश्चिमेस समुद्रकाठी. ७ डिसेंबर १९५६ रोजी निघालेली त्यांची अंत्ययात्रा पूर्वेकडून पश्चिमेकडे गेली. लक्षावधी शोकाकुल लोकांना रुळांवरील पूल ओलांडूनच पलीकडे जावे लागले. त्यानंतर प्रत्येक वर्षी ६ डिसेंबरास देशभरातून येणारा अफाट समुदाय दादरच्या याच जिन्यांवरून व पुलांवरून जातो. शहराच्या सुखदुःखाचे प्रसंग रुळांची मर्यादा मानीत नाहीत.

जिना उंच का झाला

पुलाच्या उंचीसंबंधी येथे दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे, कारण वृद्ध माणसांची खरी तक्रार तीच असते. आरंभीच्या गाड्या वाफेच्या इंजिनांच्या होत्या आणि रस्त्यांवरील पूल त्या मानाने ठेंगणे असत. १८६८ चा कर्नाक पूल व १८७९ चा हँकॉक पूल हे याच पठडीतले. पुढे ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर देशातील पहिली विजेची गाडी धावली. १९२८ च्या जानेवारीत कुलाबा–बोरिवली मार्गही विजेवर आला. विजेची तार रुळांच्या वरून जाणार, म्हणून पूल तारेच्याही वर हवा. आरंभी या तारेतील विजेचा दाब १५०० व्होल्टचा होता. २०१६ पर्यंत दोन्ही रेल्वेंवर तो टप्प्याटप्प्याने २५,००० व्होल्टचा करण्यात आला. दाब वाढला, तसे तार व पूल यांतील अंतरही अधिक राखावे लागले. हँकॉक पूल २०१६ साली व कर्नाक पूल २०२२ साली पाडण्यात आला, त्यामागे त्यांचे वार्धक्य हे जसे कारण होते, तसेच त्यांचे ठेंगणेपणही होते.

पूल जितका उंच, तितका जिना लांब. जो तरुण आहे त्यास वीस पायऱ्या अधिक चढाव्या लागल्या तर त्याचे काही बिघडत नाही. परंतु गुडघे धरलेली आजी, कडेवर मूल घेतलेली आई, भाजीची पिशवी घेतलेली गृहिणी, काठी टेकीत चालणारा निवृत्त गृहस्थ यांच्या लेखी त्या वीस पायऱ्या म्हणजे पलीकडच्या वस्तीचे बंद झालेले दार होय. आपल्या मंडळाच्या संमेलनास पूर्वी नेमाने येणाऱ्या कित्येक वयोवृद्ध भगिनी हल्ली दिसत नाहीत. चौकशी केली असता उत्तर मिळते, "पूल चढवत नाही हो." घर पाऊण मैलावर, परंतु मध्ये रूळ. अशा वेळी पुष्कळ लोक जिना टाळून रुळांवरूनच पलीकडे जातात. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर अनेक वर्षे दरसाल दोन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडत आली आहेत आणि त्यांतील मोठा भाग रूळ ओलांडताना गेलेल्यांचा आहे. या माणसांना आपण बेशिस्त म्हणून मोकळे होतो. त्यांच्यासमोर सोयीची वाट होती काय, हा प्रश्न मात्र आपण विचारीत नाही.

गिरणगावाची उलटलेली वाट

आता दादरहून किंचित दक्षिणेस, परळ–प्रभादेवीकडे वळू. हा गिरण्यांचा मुलूख. येथील कामगार गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यात चाळीत राहत असे आणि पायी कामावर जात असे. कामावर जाण्यासाठी बहुतेकांना रेल्वेची गरज नव्हती. म्हणून परळ, एल्फिन्स्टन रोड, करी रोड ही स्थानके बेताची असूनही भागत होते. त्यांचे जिने अरुंद होते. परंतु चढणारेही मोजकेच होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचा तो लढा कसा संपला, हे आपण जाणतोच; आपल्यापैकी काही घरांनी त्याची झळ प्रत्यक्ष सोसली आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींचा अन्य उपयोग करण्यास वाट दिली, २००१ च्या दुरुस्तीने ती अधिकच प्रशस्त केली, आणि जेथे धुराडी होती तेथे कचेऱ्यांचे उंच मनोरे उभे राहिले. परिणाम असा की, गर्दीची वाट उलटली. पूर्वी येथील माणूस येथेच कामाला जाई; आता विरार, कल्याण, डोंबिवलीहून हजारो माणसे सकाळच्या दोन तासांत येथे उतरू लागली. मध्य रेल्वेने परळला उतरलेल्या मनुष्यास कचेरीसाठी पश्चिमेस जावयाचे. पश्चिम रेल्वेने आलेल्या मनुष्यास के.ई.एम., टाटा, वाडिया या रुग्णालयांसाठी पूर्वेस जावयाचे. वस्ती बदलली, व्यवसाय बदलला, इमारतींची उंची वाढली. दोन स्थानकांना जोडणारा जिना मात्र तेवढाच राहिला.

२९ सप्टेंबर २०१७, दसऱ्याच्या आदला दिवस. सकाळी साडेदहाची वेळ. पावसाची जोरदार सर आली म्हणून लोक पुलावर आडोशास थांबले. खालून गाड्या येत राहिल्या आणि उतरलेले लोक जिना चढत राहिले. त्या अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे प्राणास मुकली. ती कोणत्याही अपघाती गाडीत नव्हती, कोणत्याही दंगलीत नव्हती. ती केवळ एका बाजूने दुसऱ्या बाजूस जात होती. सणाच्या पूर्वदिनी घराबाहेर पडलेली ही माणसे परतली नाहीत, याचे स्मरण ठेवूनच या विषयाचा पुढील विचार करणे उचित होईल.

त्यानंतर चक्रे वेगाने फिरली. लष्कराच्या अभियंत्यांना पाचारण करण्यात आले आणि त्यांनी बांधलेला नवा पादचारी पूल २७ फेब्रुवारी २०१८ रोजी खुला झाला. म्हणजे जे काम वर्षानुवर्षे रेंगाळले, ते पाच महिन्यांत झाले. जुलै २०१८ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे नाव प्रभादेवी झाले. मार्च २०१९ मध्ये परळ येथून गाड्या सोडण्याची सोय झाली. हे सारे स्तुत्य आहे. परंतु त्यास तेवीस जीवांचे मोल पडावे, हे शहाण्या शहरास शोभणारे नव्हे.

पूल पडला की वस्ती तुटते

पूल हा बांधून विसरण्याचा पदार्थ नव्हे, हा धडा पुढच्याच वर्षी मिळाला. ३ जुलै २०१८ रोजी अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. त्यानंतर जुन्या पुलांची तपासणी झाली आणि लोअर परळचा डिलाईल पूल धोकादायक ठरून त्याच महिन्यात बंद झाला. रुळांवरील भाग रेल्वेने बांधावयाचा व चढ-उताराचे रस्ते महानगरपालिकेने, अशी कामाची वाटणी होती. तो पूर्णतः खुला होण्यास नोव्हेंबर २०२३ उजाडला. गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद करून नव्याने बांधण्यात आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची एक बाजू उघडली, तेव्हा असे आढळले की, रेल्वेच्या नव्या नियमाप्रमाणे पूल उंच झाला आहे आणि त्यास मिळणारा बर्फीवाला उड्डाणपूल खालीच राहिला आहे. दोन्ही पूल समोरासमोर, पण एकमेकांस मिळत नाहीत! पुढे बर्फीवाला उड्डाणपूल वर उचलून जुलै २०२४ मध्ये ही जोडणी साधली आणि मे २०२५ मध्ये गोखले पूल पूर्ण खुला झाला. एका कारभाराचा नकाशा दुसऱ्याने वेळीच पाहिला नाही म्हणजे काय होते, याचे याहून बोलके उदाहरण शोधूनही सापडणार नाही. शंभर वर्षांपूर्वीचीच ती चूक, केवळ नव्या सिमेंटात.

सप्टेंबर २०२५ मध्ये प्रभादेवी–परळचा जुना एल्फिन्स्टन पूलही पाडण्यासाठी बंद झाला. त्याच्या जागी शिवडी–वरळी जोडरस्त्याचा भाग म्हणून दुमजली पूल बांधण्याचे ठरले आहे. पूल बंद होताच त्याची वाहतूक दादरच्या टिळक पुलाकडे व करी रोडकडे वळली. पश्चिमेच्या रुग्णास पूर्वेच्या रुग्णालयात नेणाऱ्या रुग्णवाहिकेस वळसा पडू लागला. एक पूल मिटला की दोन वस्त्यांमधील अंतर एका रात्रीत किती वाढते, हे तेथील रहिवाशांनी अनुभवले. टिळक पुलानेही शंभरी गाठली असून त्याच्या शेजारी नवा पूल उभारण्याचे काम 'महारेल'कडे सोपविण्यात आले आहे.

अलीकडील प्रयत्न

गेल्या वीस वर्षांत स्थानक-परिसराचा विचार एकंदर शहराच्या दृष्टीने करण्याचे काही प्रयत्न झाले, त्यांचीही नोंद घेतली पाहिजे. २००८ साली वांद्रे (पूर्व) येथे पहिला स्कायवॉक झाला आणि मागोमाग तसे तीसहून अधिक झाले. स्थानकातून निघालेला प्रवासी रस्त्यावरील गोंधळात न सापडता वरच्या वर पुढे जावा, हा हेतू चांगला होता. परंतु ज्यास खालच्या दुकानात भाजी घ्यावयाची आहे किंवा बस पकडावयाची आहे, तो वर कशास चढेल? त्यामुळे कित्येक स्कायवॉक ओस राहिले. ठाण्यात, जेथे १८५३ ची पहिली गाडी पोहोचली होती, स्थानकाच्या पश्चिमेस 'सॅटिस' नावाची योजना झाली. तेथे बसगाड्या वरच्या मजल्यावर आणल्या आणि स्थानकाच्या पादचारी पुलावरून आलेला प्रवासी न उतरता थेट बसपाशी पोहोचू लागला. उतरण्याची जागा व पुढचे वाहन यांचा एकत्र विचार केल्याचे हे फळ. पुढे तसेच काम पूर्वेकडे कोपरीच्या बाजूसही हाती घेण्यात आले, कारण एकाच बाजूचे भले केले तर दुसरी बाजू अधिकच मागे पडते, हे ध्यानी आले.

१९९९ साली स्थापन झालेल्या मुंबई रेल्वे विकास महामंडळाने खार रोडसारख्या स्थानकांत फलाटांवर प्रशस्त उन्नत मजला बांधण्याचे धोरण स्वीकारले. सुट्या-सुट्या अरुंद पुलांऐवजी फलाटांच्या डोक्यावर एक अंगणच तयार होते आणि दोन्ही बाजूंचे जिने व लिफ्ट त्यास येऊन मिळतात. २०२३ साली देशभर सुरू झालेल्या 'अमृत भारत स्थानक' योजनेच्या उद्दिष्टांत तर 'स्थानकाने शहराच्या दोन्ही बाजू जोडाव्यात' हा मुद्दा स्पष्ट शब्दांत नमूद आहे. मे २०२५ मध्ये या योजनेखाली सुधारलेल्या स्थानकांत परळ, चिंचपोकळी व माटुंगा यांचा समावेश होता. ज्या रेल्वेच्या कागदावर एकेकाळी शहर नव्हते, तिच्याच कागदावर आता शहराच्या दोन्ही बाजू आल्या आहेत. हा बदल लहान नव्हे.

काय मागावे

इतका इतिहास पाहिल्यावर आपण नागरिकांनी काय मागावे, हे ठरविणे फारसे अवघड नाही.

प्रथम, स्थानकास दोन्ही बाजूंनी सारखेच तोंड असावे. एका बाजूस दर्शनी दरवाजा आणि दुसऱ्या बाजूस भिंतीतील भोक, ही स्थिती बंद झाली पाहिजे. दुसरे, ज्यास गाडीने कोठेही जावयाचे नाही, केवळ पलीकडे जावयाचे आहे, अशा मनुष्यास तिकिटाशिवाय, दिवसा व रात्री, निर्भयपणे जाता येईल असा रस्ता स्थानकातच असावा. शाळेत जाणारे मूल हे रेल्वेचे प्रवासी नसेल. पण ते शहराचे प्रवासी आहे. तिसरे, जिना जेथे उतरतो त्या जागेचा विचार पुलाआधी व्हावा. पूल तीस हात रुंद आणि त्याच्या पायथ्याशी टॅक्सी, फेरीवाले व कचऱ्याचा डबा यांतून वाट दोन हात, अशी रचना केवळ दिखाऊ होय. दादरचा फुलबाजार व भाजीबाजार यांना हुसकावून हा प्रश्न सुटणार नाही, कारण गिऱ्हाईक तेथेच येते. त्यांना आखणीत योग्य जागा दिली तरच वाट मोकळी राहील. चौथे, लिफ्ट व सरकते जिने ही चैन नसून वृद्धांचा व अपंगांचा हक्क समजावा, आणि ते बंद पडले तर ते कोणी व किती दिवसांत दुरुस्त करावयाचे, याची जबाबदारी आधीच ठरलेली असावी. पाचवे आणि सर्वांत महत्त्वाचे, दोन रेल्वे व महानगरपालिका यांनी एकाच मेजावर, एकाच नकाशावर काम करावे.

कोणी म्हणेल, हे मोठ्या लोकांचे काम. आपल्यासारख्या सामान्य गृहस्थाचे तेथे कोण ऐकणार? त्यास एकच उदाहरण पुरे आहे. २०१५ साली मुंबईच्या नव्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यातील चुकांवर नागरिकांनी एवढे आक्षेप घेतले की, तो मसुदा बाजूस ठेवून नवा करावा लागला. तो २०१८ साली मंजूर झाला. नकाशा पाहणारे डोळे अधिक असले की नकाशा सुधारतो. तेव्हा आपल्या स्थानकाचा आराखडा हरकती व सूचनांसाठी मांडला जाईल, त्या दिवशी आपल्यापैकी प्रत्येक घरातून एक तरी मनुष्य तो पाहावयास गेला पाहिजे. रंगीत चित्रातील काचेच्या भिंती पाहून हरखून न जाता त्याने एवढेच विचारावे : माझी आई येथून पलीकडे कशी जाईल? किती पायऱ्या? कोठे उतरेल? रात्री दिवा असेल काय? या चार प्रश्नांची उत्तरे ज्या आराखड्यात सापडतील तो चांगला, मग त्याचे चित्र कसेही असो.

दादर म्हणजे जिना, असे आरंभी म्हटले. जिन्याचे काम माणसास अडविणे नसून पोहोचविणे हे आहे. पुढे केव्हा तरी आपल्या स्मरणिकेतील पत्त्यांच्या यादीत 'पूर्व' आणि 'पश्चिम' हे शब्द केवळ टपालवाल्याच्या सोयीसाठी उरावेत, आणि आज पूल चढवत नाही म्हणून घरी बसलेल्या आपल्या वडीलधाऱ्या भगिनी पुन्हा संमेलनाच्या पहिल्या रांगेत दिसाव्यात, एवढी इच्छा व्यक्त करून व ज्ञातिबंधु-भगिनींस या कामी लक्ष घालण्याची नम्र विनंती करून हा लेख पुरा करतो.